मोड आहे का?

शंभरातून सदतीस वजा करा, असं फळ्यावर लिहून दिलं की दुसरी-तिसरीच्या वर्गात कुणाच्या तरी पाटीवर हमखास एक उत्तर सापडतं : १३७. मुलाने ते मन लावून काढलेलं असतं. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य घालवलं, सात उरले. शून्यातून तीन जात नाहीत, तिथेही तेच. डावीकडचा एक तसाच खाली उतरवला. हातचा घेण्याची भानगड टाळायला मुलांनी शोधलेली ही पळवाट गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. आता त्याच मुलाला शंभराची नोट देऊन किराणा दुकानात पाठवा. सदतीस रुपयांचं सामान घेतल्यावर दुकानदाराने एकशे सदतीस रुपये हातावर ठेवले, तर मूल चक्रावेल नाहीतर धूम ठोकेल. पण हिशोब बरोबर आहे असं त्याला वाटणार नाही.

एकाच डोक्यातली ही दोन गणितं एकमेकांना भेटत का नाहीत? लहान मुलांना पैसे मोजायला आणि सुटे परत द्यायला कसं शिकवायचं, हा सगळा प्रश्न मला या एका ठिकाणी अडकलेला दिसतो.

दुकानदाराकडे जरा बारकाईने पाहा. जुन्या सवयीचा दुकानदार वजाबाकी करतच नाही. "सदतीस," असं म्हणत तो एक दोनचं आणि एक एकचं नाणं ठेवतो, "चाळीस." दहाची नोट ठेवतो, "पन्नास." वर पन्नासची नोट, "हे शंभर." संपलं. त्रेसष्ट हा आकडा त्याच्या तोंडून येत नाही आणि बहुधा डोक्यातही येत नाही. किमतीपासून निघून तो नोटेपर्यंत चालत जातो; वाटेत जे टाकत गेला तेच परत द्यायचे पैसे. गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर मनात मोजत असतं, त्यामुळे तपासणी आपोआप होते. हातचा नाही, आडवी रेघ नाही. ही बेरीज आहे, तीही टप्प्याटप्प्याने सोप्या आकड्यांवर थांबत केलेली. शाळेत मात्र "परत किती मिळतील?" हा प्रश्न वजाबाकीच्या धड्याखालच्या शाब्दिक उदाहरणांत बसवलेला असतो आणि उत्तर उभ्या मांडणीतच हवं असतं. पैशाचा धडा वजाबाकीच्या पोटात टाकला इथेच गाडी रुळावरून उतरते, असं माझं मत आहे.

हे मत निव्वळ दुकानदार बघून झालेलं नाही. १९८५ मध्ये तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लिमान या तिघांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या पाच मुलांवर केलेला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ ते पंधरा वर्षांची ही मुलं रस्त्यावर, बाजारात माल विकत होती. अभ्यासकांनी गिऱ्हाईक बनून त्यांना हिशोब विचारले, आणि नंतर तशीच गणितं कागदावर दिली. गाड्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के आणि नुसत्या आकडेमोडीत सुमारे ३७. पाच मुलांवरून जग ठरत नाही हे खरं. पण त्यातला नारळ विकणारा बारा वर्षांचा मुलगा विसरता येत नाही. एक नारळ ३५ क्रुझेरोंना, मग दहाचे किती? तीन नारळांचे १०५ हे त्याला रोजच्या धंद्यातून पाठ होतं. त्यावर आणखी तीन, २१०. आणखी तीन, ३१५. उरलेल्या एकाचे पस्तीस, साडेतीनशे. पस्तिसापुढे शून्य लावायचं त्याला सुचलं नाही, किंवा गरज वाटली नाही. ज्याच्याकडे रोख हिशोब आहे त्याला शून्याचं कौतुक कशाला असेल?

याच प्रश्नाचा भारतातला मोठा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं पाहिली. जवळजवळ सगळी मुलं धंद्यातले गुंतागुंतीचे हिशोब तोंडी आणि बिनचूक करत होती. तेवढंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या पद्धतीने कोरं मांडलं की अडत होती. पण अभ्यासाची दुसरी बाजू मला जास्त बोचली. आसपासच्या शाळांतली ४७१ मुलं कोऱ्या आकडेमोडीत या मुलांपेक्षा सरस ठरली. बाजारातलं एक उदाहरण मात्र त्यांच्यापैकी फक्त एक टक्का मुलांना सुटलं. काम करणाऱ्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलांनी ते सोडवलं होतं. म्हणजे बाजारातून शाळेत येणारा रस्ता बंद आहे, तसा शाळेतून बाजारात जाणाराही बंदच.

'असर' या शिक्षणविषयक पाहणीत २०१७ मध्ये १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांसमोर नोटांचं चित्र ठेवून एकूण रक्कम विचारली होती. ७६ टक्के मुलांना ती सांगता आली. ही झाली नुसती मोजणी. सुटे परत देणं त्याच्या पुढची पायरी. मतदानाच्या उंबरठ्यावर आलेल्या दर चारांपैकी एकाला समोरच्या नोटा जमवून सांगता येत नसतील, तर दुसरीच्या वर्गात काही तरी हातातून निसटलेलं आहे. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनी धारावीतल्या शाळकरी मुलांचं शाळेबाहेरचं गणित तपासलं आहे. घरच्या छोट्या उद्योगांत वावरणाऱ्या या मुलांजवळ नोटा-नाण्यांचं आणि रक्कम फोडून हिशोब करण्याचं चांगलं ज्ञान होतं. वर्गात त्याला गणित म्हणायची पद्धत नाही, एवढंच.

हे सांगताना एक धोका असतो. गाड्यावरच्या पोराचं तोंडी गणित ऐकून आपण हरखतो आणि ते पोर शाळेच्या वेळात गाड्यावर का उभं आहे हे विसरतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे. घरच्या धंद्यात मदत चालते, तीही शाळेची वेळ सोडून. बाजाराची रीत शाळेत आणायची आहे, मुलांना बाजारात पाठवायचं नाही.

मग आणायचं काय? माझं उत्तर एका शब्दाचं आहे : मोड. "मोड आहे का?" हा प्रश्न आपण दिवसातून दोनदा तरी ऐकतो, निदान परवापर्यंत ऐकत होतो. बंदी नोट देऊन तेवढ्याच रकमेच्या लहान नोटा-नाणी घेणं, यात खरेदी नाही, विक्री नाही, कुणाचं काही कमी होत नाही आणि वाढतही नाही. पाच वर्षांच्या मुलाला नेमकं हेच पटत नाही. त्याच्यापुढे एका बाजूला एक-एक रुपयाची पाच नाणी ठेवा, दुसऱ्या बाजूला पाचचं एक. ते पाच नाण्यांवर झडप घालेल. जास्त दिसतं ते जास्त, ही लहान मुलाची समजूत जाँ पियाजेने पदोपदी दाखवून ठेवली आहे. नाण्याचं मोल त्याच्या आकारात नसतं, संख्येत नसतं, ते सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. ही गोष्ट थोरांनाही नीट समजावून सांगता येत नाही, मग लहानांची काय कथा. त्यात आपली टांकसाळही गोंधळात भर घालते. २०११च्या मालिकेतलं दोनचं नाणं २५ मिलीमीटर रुंद आणि पाचचं २३. अजून चलनात असलेली २००७ची हस्तमुद्रांची मालिका मात्र मुलांना शिकवायला फार गोड आहे : एक रुपयावर उंचावलेला अंगठा, दोनवर दोन बोटं. वाचता न येणारं मूलही ते वाचतं.

मोडीचा खेळ कितीही दिवस चालवता येतो. दहाची नोट घ्या आणि एक, दोन, पाचच्या नाण्यांत तिची मोड किती तऱ्हांनी होते ते शोधायला सांगा. पाचची दोन नाणी घेतली तर एकच तऱ्हा. पाचचं एक घेतलं तर तीन. पाच अजिबात नको म्हटलं तर सहा. एकूण दहा. दहाची मोड दहा तऱ्हांनी, हे मुलांना जादूसारखं वाटतं, आणि सगळ्या दहा सापडेपर्यंत ती गप्प बसत नाहीत. तेवढ्यात नकळत दोनाचा आणि पाचाचा पाढा, टप्प्याने मोजणं, मोठ्या नाण्यापासून सुरुवात करणं, सगळं होऊन जातं.

आणि आता तो हातचा. हातचा घेणं म्हणजे दहाची मोड करणं, याहून वेगळं काही नाही. शंभराची नोट फोडून दहा-दहाच्या दहा, त्यातली एक फोडून एकेकची दहा नाणी : हे ज्याने पाच-पंचवीस वेळा हाताने केलं आहे, त्याला शंभर वजा सदतीसच्या मांडणीत डोक्यावर लिहिलेले ते बारीक नऊ आणि दहा कुठून आले हे सांगावं लागत नाही. ज्याने केलेलं नाही त्याला ते मंत्रासारखं पाठ करावं लागतं, आणि मंत्र चुकला की १३७ येतात. म्हणून मोड आधी हवी, मग दुकानदारासारखं पुढे मोजत जाणं, आणि उभी वजाबाकी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे क्रम बरोबर उलटा आहे.

या कामी मराठीची मदतही होते आणि अडचणही. मदत अशी की आपली भाषा मुळातच परतीचे पैसे मोजणारी आहे. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी; शब्द उच्चारतानाच एक रुपया परत द्यायचा आहे हे कळतं. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पाव शतक कमी, आणि दोनशेची नोट दिली की पंचवीस परत. सव्वाशे, दीडशे, अडीचशे हे शब्द मुलांच्या कानांवर पडायला हवेत, कारण ते आकडे नुसते सांगत नाहीत, फोडून दाखवतात. गंमत म्हणजे ही एकोणची रांग एकोणनव्वदपर्यंत येते आणि नव्व्याण्णवला सोडून देते, आणि दुकानांतल्या किमती नेमक्या तिथेच ९९, १९९, २९९ अशा दबा धरून बसलेल्या असतात.

अडचण अशी की सदतीस म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना तीन. ऐकून ७३ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचनाची पद्धत सुचवली गेली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं गणिताला घाबरतात. टिंगल करणाऱ्यांनी ते किती ऐकलं कोण जाणे. मला त्या वादात दोन्ही बाजू थोड्याथोड्या पटत होत्या. लिहायला-वाचायला तीस सात सोपं आहे यात शंका नाही. गल्ल्यावर बसल्यावर एकोणचाळीस कामाचं आहे यातही नाही.

आपले आजोबा-पणजोबा याहून अवघड चलन हाताळत होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. पै धरली तर एकशे ब्याण्णव. पावली म्हणजे चार आणे, अधेली म्हणजे आठ. पंतोजी पावकी, निमकी, पाऊणकीपासून सवायकी, दिडकी, अडीचकी आणि थेट औटकीपर्यंत पाढे घोकून घेत, ते काही छळ म्हणून नव्हे. सव्वा रुपया शेर भावाने अडीच शेर घेतलं तर किती, याचं उत्तर त्या पाढ्यात तयार मिळत असे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि हे सगळं पाठांतर एका फटक्यात पोरकं झालं. बदलाच्या काळात एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. पाव पैशाचं नाणं नसल्याने तक्त्यात सहा धरायचे, दोन आण्यांचे बारा, तीनचे एकोणीस आणि चारचे पंचवीस. त्यामुळे एकेक आणा चार वेळा बदलला तर चोवीसच हाती येत. मोड केल्यावर रक्कम बदलत नाही, हा नियम मोडणारी ती बहुधा एकमेव मोड. चार आणे, आठ आणे हे शब्द मात्र लोकांनी सोडले नाहीत; पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ला बाद होईपर्यंत ते चार आणेच होतं. आज पन्नास पैशांचं नाणं कायद्याने चालतं, पण मुलांनी ते पाहिलेलं नसतं, आणि तरी पाचवीला दशांश अपूर्णांक शिकवताना उदाहरण बारा रुपये पन्नास पैशांचंच असतं.

शाळांमध्ये काहीच होत नाही असं नाही. पहिली-दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत नाणी-नोटांची चित्रं आहेत, आणि जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत वर्षातून एकदा बाल आनंद मेळावा किंवा आठवडी बाजार भरतो. मुलं मेथीच्या जुड्या, लिंबं, भेळ, शेंगदाण्याचे लाडू मांडतात, गावातले पालक येतात. माझ्या मते मराठी शाळांमधला हा सर्वांत चांगला गणिताचा तास आहे, आणि तो वर्षातून एकदाच होतो हीच त्याची खोट. दुसरी खोट अशी की कौतुकापोटी पालक बंदी नोट देऊन "राहू दे बाळा" म्हणतात. परत द्यायचे पैसे दिलेच नाहीत तर शिकायचं काय?

चित्रातल्या नाण्यांविषयी फार बोलण्यासारखं नाही. ती उलटत नाहीत, वाजत नाहीत, घरंगळून कपाटाखाली जात नाहीत. 'मनोरंजन बँके'च्या खेळण्यातल्या नोटा आणि मे महिन्याच्या सुट्टीतला 'व्यापार'चा डाव त्याहून बरे. व्यापारमध्ये बँकेवर बसणारं मूल आठवडाभरात जेवढी मोड करतं, तेवढी वर्षभरात पुस्तकात होत नाही, म्हणून घरातल्या सर्वांत लहान खेळाडूला बँक द्यावी. थोरली दादा-ताई आपणच बँक घेऊन बसतात. तरी खऱ्या नाण्याला पर्याय नाही. पैशाला हात लावू नको, लावलास तर हात धू, या घरोघरच्या दटावणीतला दुसरा भाग योग्य आणि पहिला चुकीचा. मातीचा गल्लाही मला या कामाचा वाटत नाही : पैसे आत जातात आणि दिसेनासे होतात. त्याऐवजी काचेची बरणी बरी, दर रविवारी ओतून मोजता येते. एकेकची दहा साठली की आईकडून दहाची नोट घ्यायची. पुन्हा मोडच, फक्त उलट्या दिशेने.

बचतीचे उपक्रम हा वेगळा विषय. मुंबईत १९९१ मध्ये जेरू बिलिमोरिया यांच्या 'मेलजोल' या संस्थेतून निघालेलं मुलांचं आर्थिक शिक्षण पुढे 'अफलातून' या नावाने देशोदेशी पोहोचलं. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवायची वाट मोकळी केली. हे चांगलंच आहे. पण बचतीचं महत्त्व पटलेलं मूल सुटे मोजू शकतंच असं नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षकांनी मात्र या बाबतीत बाकीच्यांपेक्षा स्पष्ट विचार केलेला आहे. त्यांनी रूढ केलेली एक युक्ती अशी : किंमत सदतीस ऐकली की वरचा दहा पकडायचा आणि चाळीस पुढे करायचे. नाणी जुळवत बसायचं नाही. मूल एकट्याने दुकानातून वस्तू आणू शकतं, आणि परतीचे पैसे कमाल नऊ रुपये असल्याने फसवणूकही बेताची.

आणि आता खुद्द रोकडच उठून चालली आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी झाली. आज भाजीच्या पाटीवर, चहाच्या टपरीवर कोड चिकटवलेला असतो. सदतीस म्हटलं की फोनवर तंतोतंत सदतीस जातात आणि दुकानातली डबी रक्कम मोठ्याने सांगते. मुलाला आकडा ऐकू येतो, पण मोड लागत नाही, परत काही येत नाही, हातातलं पाकीट हलकं होत नाही. पूर्वी एसटीचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर देणं असलेली रक्कम लिहून द्यायचा आणि उतरेपर्यंत ती लक्षात ठेवायचं काम घरातल्या पोराकडे असायचं. वाण्याने रुपयाऐवजी हातावर ठेवलेलं चॉकलेटही एक हिशोबच शिकवून जायचं, जरी तो वाण्याच्या फायद्याचा असला तरी. ही गैरसोय गेली याचं मला दुःख नाही. पण तिच्याबरोबर मुलांचा रोजचा फुकटचा सराव गेला, आणि त्याची जागा शाळेने अजून भरलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात एका खेड्यातल्या शाळेचा बाजार पाहिला. एका मुलाने वडिलांचा कोड छापून आणला होता. त्याच्या भेळेपुढे रांग होती आणि त्याला काहीच मोजावं लागत नव्हतं. शेजारी तिसरीतली एक मुलगी बत्तीस रुपयांना लाडवांचं पाकीट विकत होती. मी पन्नासची नोट दिली. तिने डब्यात पाहिलं. दहा-वीसच्या नोटा होत्या, चिल्लर सगळी संपली होती. शेजारच्या मैत्रिणीकडे मागितली, तिच्याकडेही नव्हती. क्षणभर ओठ हलले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, वरचे दोन सुटे आहेत का?"

मी दिले. तिने विसाची नोट पुढे केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.